चेंडू हाती आल्यावर

बसा. पाठ टेकलेली असली तरी चालेल. दोन्ही हात मांडीवर ठेवा, तळवे वर. आज आपण एका खेळाचं मनन करणार आहोत, आणि त्या खेळातल्या एकाच क्षणाचं. चेंडू हाती आला आहे. आता पुढे जायचं, की धरून ठेवायचा?

खेळ आहे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिकडचे लोक त्याला प्रेमाने ‘फूटी’ म्हणतात. तुम्ही तो कधी पाहिला नसला तरी काही अडत नाही. मी सांगेन तेवढं डोळ्यांसमोर आणा, आणि थांबा म्हणेन तिथे खरंच थांबा.

समोर एक मोठं, लंबगोल, हिरवं मैदान आणा. आकार क्रिकेटच्या मैदानाचा, कारण हा खेळ क्रिकेटच्याच घरात जन्मला. मेलबर्नचा नामांकित क्रिकेटपटू टॉम विल्स याने १८५८ साली एका नियतकालिकाला पत्र लिहिलं होतं, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं जड होऊ नयेत म्हणून एखादा फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. मैदानाची लांबी १३५ ते १८५ मीटर, रुंदी ११० ते १५५. एका बाजूला १८ खेळाडू. ऑफसाइड नाही, म्हणून खेळ चालू असताना कोणीही कुठेही जाऊ शकतो. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू गेला की गोल, ६ गुण. कडेच्या खांबांमधून गेला की बिहाइंड, १ गुण.

चेंडूही लंबगोल आहे. तो लाथेने मारता येतो, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून साथीदाराकडे देता येतो. फेकता मात्र येत नाही. तो घेऊन पळायचं असेल तर दर १५ मीटरांच्या आत जमिनीला टेकवावा लागतो. मागून कोणीतरी कंबरेला मिठी घालायला धावत असतोच. या गदारोळात शांततेची एक जागा आहे. १५ मीटर किंवा त्याहून लांबून लाथेने आलेला चेंडू मध्ये कोणाचाही हात न लागता झेलला, तर त्याला ‘मार्क’ म्हणतात. मार्क घेणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही. तो दोन पावलं मागे येतो, आणि काही सेकंद त्याची असतात. हवं तर लगेच पळत सुटावं. हवं तर उभं राहून पाहावं, आणि मग मारावं.

इथे थांबा. तो खेळाडू व्हा. चेंडू छातीशी आहे. सभोवती ओरडा आहे, पण तुम्हाला कोणी शिवत नाही. काही करू नका. फक्त या काही सेकंदांत उभे राहा.

नव्याने उभारणी चाललेल्या संघाचं सगळं भवितव्य या काही सेकंदांत ठरतं, असं मला मनापासून वाटतं. अशा संघाविषयी लोक नेहमी एक प्रश्न विचारतात. चढाईचा खेळ खेळायचा, की ताबा ठेवण्याचा? हा प्रश्न आपण आज एका संघाबरोबर हळूहळू चालत जाऊन पाहू. तो संघ आहे मेलबर्न फुटबॉल क्लब. स्थापना १८५८ ची, जगातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबांपैकी एक. वाटेत आपण शरीराच्या चार जागी थांबणार आहोत. हात, पाय, पाठ आणि मान.

हात

लक्ष तळव्यांवर आणा.

३० जुलै २०११. मेलबर्नजवळच्या जिलाँग शहरातलं कार्डिनिया पार्क हे मैदान. यजमान जिलाँगचा संघ तेव्हा भरात होता. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते जिलाँग २३३, मेलबर्न ४७. हार १८६ गुणांची. प्रशिक्षक डीन बेली यांना लगोलग पदावरून दूर करण्यात आलं. मेलबर्नच्या चाहत्यांसमोर आजही नुसतं ‘१८६’ म्हटलं तरी पुढे काही सांगावं लागत नाही. दोन वर्षांनी, २०१३ च्या हंगामात, हा संघ २२ सामन्यांपैकी २ जिंकला. त्यातल्या एका सामन्यात एस्सेंडनने त्याला १४८ गुणांनी हरवलं.

अशा संघातल्या एका पोरसवदा खेळाडूच्या हातांत शिरून पाहा. चेंडू येतो तो निखाऱ्यासारखा. हाताला एकच कळतं, की हा लवकर सोडायचा. तो सोडतो, कुठेही. समोरचा उचलतो. आपले साथीदार तोवर पुढे धावलेले असतात, मागे मोकळं रान असतं, आणि पलीकडे गोल होतो. या खेळातले कितीतरी गोल असे हिसकावलेल्या चेंडूंवर होतात. मग पुढच्या वेळी हात आणखी घाबरतो. १८६ गुणांची हार अशाच एकेका झटकलेल्या चेंडूतून जमत जाते.

२०१४ च्या हंगामासाठी पॉल रूस आले. त्यांनी २००५ मध्ये सिडनीच्या संघाला विजेतेपद मिळवून दिलं होतं, ७२ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. मेलबर्नमध्ये त्यांनी आधी गळती थांबवली. बचाव नीट करायचा, चेंडू मिळाला की उगाच उधळायचा नाही. जवळच्या मोकळ्या साथीदाराकडे छोटी किक, मार्क, पुन्हा छोटी किक. पुढे वाट नसेल तर आडवी, तीही नसेल तर मागे. प्रेक्षकांना हा खेळ रटाळ वाटे. पण २०१४ मध्ये ४ विजय झाले, २०१५ मध्ये ७, २०१६ मध्ये १०.

ताबा आधी का शिकवायचा, हे नीट मनात उतरू द्या. आपल्या हातात चेंडू असेल तोवर समोरच्याला गोल करता येत नाही, हे उघड आहे. दुसरं कारण शरीराचं. उभारणीतल्या संघात अठरा-एकोणीस वर्षांची मुलं असतात, समोर पंचविशी ओलांडलेले, हाडापेराने भरलेले गडी. दर मार्कागणिक त्या मुलांना दोन श्वास मिळतात. तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. चेंडू पुन्हा पुन्हा हातात राहिला की हाताला हळूहळू कळतं, हा निखारा नाही. हा आपला आहे.

पण ताब्यातही एक खड्डा आहे, आणि तो पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुम्ही चेंडू आडवा फिरवत असता तेव्हा समोरचे अठराजण रिकामे बसलेले नसतात. ते मागे सरकतात, एकेक मोकळी जागा भरतात. तुमच्या प्रत्येक संथ किकेबरोबर गोलाकडची वाट थोडी थोडी बंद होत जाते. थांबण्याची किंमत मोजावीच लागते. जो संघ वाट शोधण्यासाठी थांबतो, त्याला ती परवडते. जो चुकायच्या भीतीने थांबतो, तो दर सेकंदाला आणखी अडकत जातो. बाहेरून दोघांची किक अगदी सारखी दिसते. तीच वीस मीटरांची, तीच आडवी. फरक आत असतो.

आता तळव्यांकडे पाहा. तुमच्या आयुष्यात सध्या तुम्ही काहीतरी धरून ठेवलं असेल. एखादा निर्णय, एखादं काम, साठवलेले थोडे पैसे. स्वतःला हळू आवाजात विचारा, मी हे पाहण्यासाठी धरलंय, की पाहायला लागू नये म्हणून? उत्तराची घाई नको. प्रश्न तळव्यात राहू द्या.

पाय

लक्ष पावलांवर आणा. जमिनीचा स्पर्श जाणवू द्या.

रूस कायमचे राहणार नव्हते, हे आधीपासून ठरलेलं होतं. त्यांच्यानंतर कोण, हेही क्लबने २०१४ मध्येच जाहीर केलं होतं. सायमन गुडविन दोन हंगाम त्यांच्या हाताखाली राहिले आणि २०१७ पासून मुख्य प्रशिक्षक झाले. दरम्यान तळाला राहिल्याचं फळ म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचे क्रमांक मिळाले होते. २०१४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर क्रिश्चन पेट्राका आणि तिसऱ्यावर अँगस ब्रेशॉ, २०१५ मध्ये चौथ्यावर क्लेटन ऑलिव्हर. पेट्राकाचा गुडघा पहिला सामना खेळण्याआधीच दुखावला आणि २०१५ चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर काढावा लागला. उभारणी म्हणजे काय असतं, ते इथे दिसतं. उद्याचा आधारस्तंभ आज कुबड्या घेऊन बाकावर बसलेला असतो.

गुडविन यांच्या संघाने पाय उचलले. घोळक्यात झुंजून चेंडू काढायचा, मुठीने ठोसून पळत्या साथीदाराला द्यायचा, आणि समोरचा बचाव जागेवर येण्याआधी चेंडू गोलाच्या दिशेने धाडायचा. २०१८ मध्ये संपूर्ण स्पर्धेत सर्वांत जास्त गुण करणारा संघ मेलबर्न होता.

पण त्याआधीचं २०१७ जरा निरखून पाहा, कारण त्या वर्षाने एक सुंदर धडा आकड्यांत लिहून ठेवला आहे. मेलबर्नने १२ सामने जिंकले, वेस्ट कोस्ट या संघानेही १२. तेव्हा बाद फेरीत आठच संघ जात. अशा बरोबरीत टक्केवारी पाहतात. हंगामभरात आपण केलेले गुण वर, आपल्यावर झालेले गुण खाली, भागाकार करून शंभराने गुणायचं. वेस्ट कोस्ट १०५.७, मेलबर्न १०५.२. अर्ध्या टक्क्याने मेलबर्न नवव्या जागी राहिलं.

तो अपूर्णांक मनात धरा. रेषेच्या वर चढाई, रेषेच्या खाली ताबा आणि बचाव. वरचा आकडा वाढवा किंवा खालचा कमी करा, दोन्ही वाटांनी उत्तर मोठं होतं. आणि मार्च महिन्यात, सामना हातातून गेल्यावर, कंटाळून सोडून दिलेला एक गोलही ऑगस्टमध्ये त्या रेषेखाली तसाच बसलेला असतो.

चढाई शिकवायची कशी? त्या वर्षांत मैदानाच्या कडेने जाणारी किक सुरक्षित असे. चुकली तर चेंडू रेषेबाहेर जाई, फारसं बिघडत नसे. मधून, कॉरिडॉरमधून जाणारी किक धोक्याची. लागली तर समोर सरळ रस्ता, चुकली तर तोच सरळ रस्ता समोरच्याला. ही किक कोणी फळ्यावर शिकत नाही. ती चुकूनच शिकावी लागते, आणि तीही खऱ्या सामन्यात, खऱ्या गर्दीसमोर. पहिल्या चुकीला प्रशिक्षकाने मुलाला बाहेर बसवलं, तर त्याचा पाय आयुष्यभर आडवीच किक मारत राहील. म्हणून चढाईचा सराव उभारणीच्या वर्षांतच करून घ्यायचा असतो. हरण्याची तयारी असते तेव्हाच चुकण्याला जागा असते.

श्वास सोडा. पावलं जमिनीवर आहेत. तुम्ही कोणाला शिकवत असाल, मुलांना, हाताखालच्या माणसांना, विद्यार्थ्यांना, तर एका व्यक्तीचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. त्या माणसाला तुमच्यासमोर चुकायची जागा आहे का? एवढंच पाहा.

पाठ

लक्ष पाठीकडे न्या. पाठ आपल्याला कधी दिसत नाही, पण ती असल्यामुळेच आपण बसलो आहोत.

२२ सप्टेंबर २०१८, पर्थ. मेलबर्नने बाद फेरीचे दोन सामने जिंकले होते, जिलाँगला २९ गुणांनी आणि हॉथॉर्नला ३३ गुणांनी हरवून. आता अंतिम सामन्याच्या दारात समोर होता वेस्ट कोस्ट. तो किक आणि मार्क यांचा संघ, चेंडू हातात ठेवून शांतपणे पुढे सरकणारा. मध्यंतराला आकडे होते वेस्ट कोस्ट ६९, मेलबर्न ६. सहाही बिहाइंड. वर्षभर सर्वांत जास्त गुण करणाऱ्या संघाला अर्ध्या सामन्यात एकही गोल करता आला नव्हता. अखेर ६६ गुणांनी हार झाली. पुढच्या आठवड्यात वेस्ट कोस्टने कॉलिंगवूडला ५ गुणांनी हरवून विजेतेपद घेतलं.

यावर घाईने निकाल देऊ नका. ताबा जिंकला, चढाई हरली, असं म्हणणं सोपं आहे. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. ज्याच्या हातात चेंडूच येत नाही, त्याची चढाई कितीही जोरकस असली तरी बाकावर बसून राहते. आणि जो संघ सगळा पुढे धावतो, त्याची पाठ उघडी असते.

पुढचं वर्ष आणखी कठीण गेलं. हंगामाआधी कितीतरी खेळाडूंवर शस्त्रक्रिया झालेल्या, तयारी अपुरी. २०१९ मध्ये ५ विजय, अठरा संघांत सतरावा क्रमांक. अंतिम सामन्यापासून एका पावलावरून थेट तळाला. ज्यांनी आठ वर्षं धीर धरला होता, त्या चाहत्यांचं त्या हिवाळ्यात काय झालं असेल, याचा क्षणभर विचार करा. उभारणीची रेघ वर चढत जाते, मध्येच कोसळते, आणि आपण नेमके कुठे आहोत हे त्या वेळी कोणालाच कळत नाही.

पण पाठ घडत होती. २०१७ च्या अखेरीस ॲडलेडहून जेक लीव्हर आला होता. पहिल्याच हंगामात त्याचा गुडघा गेला. २०१८ च्या अखेरीस गोल्ड कोस्टहून स्टीव्हन मे आला. मे समोरच्या सर्वांत दांडग्या आक्रमकाला जखडून ठेवी. लीव्हर आपला माणूस सोडून हवेतला चेंडू वाची आणि समोरच्याची लांब किक मधेच झेलून घेई. २०२१ च्या साखळीत सर्वांत कमी गुण देणारा संघ मेलबर्न होता.

आता डोळे मिटून मैदान वरून पाहा. ऑलिव्हर घोळक्यातून चेंडू काढतो आणि पेट्राका तो घेऊन धोक्याच्या वाटेने सुसाट निघतो. त्याच्या मागे साठ-सत्तर मीटरांवर लीव्हर आणि मे योग्य अंतर ठेवून उभे आहेत. चेंडू चुकला तर परत तिथेच येणार, हे पेट्राकाला ठाऊक आहे. म्हणून त्याचा पाय कचरत नाही. त्याच्या पायातलं धैर्य मागे उभ्या असलेल्या माणसांनी दिलेलं असतं. आणि त्या माणसांना उगाच आडवी किक मारत बसावी लागत नाही, कारण पुढे कोणीतरी धावलेलं आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं. ताबा चढाईला निर्धास्त करतो. चढाई ताब्याला दिशा देते.

तुमच्या पाठीशी कोण उभं आहे? आई, भाऊ, मैत्रीण, जुने गुरुजी, शेजारच्या काकू. एक नाव मनात घ्या. त्यांच्यामुळे तुम्ही कोणती जोखीम घेऊ शकलात, ते आठवा. मग उलट पाहा. तुम्ही मागे उभे आहात म्हणून कोण पुढे धावतंय?

मान

आता मानेकडे या. हनुवटी किंचित खाली आली असेल. ती हळूच वर घ्या. समोर पाहत असल्यासारखी.

२०२१ मध्ये स्पर्धेत एक नवा नियम आला. कोणी मार्क घेतला, की त्याच्यासमोर उभा राहिलेला प्रतिस्पर्धी आता जागचा हलू शकत नाही. पूर्वी तो कडेला सरकून मधली वाट अडवी. आता मार्क घेणाऱ्याला तिरपं आत मारायला कोन मोकळा झाला. म्हणजे थांबण्याच्या क्षणातच चढाईची खिडकी उघडली. पण ती कोणाला दिसणार? मान वर असेल त्यालाच. चेंडू घेऊन खाली पाहत उभ्या राहिलेल्याला नियमाचा काही उपयोग नाही.

२१ ऑगस्ट २०२१. साखळीचा शेवटचा सामना. मैदान तेच, जिलाँगचं कार्डिनिया पार्क, जिथे दहा वर्षांपूर्वी १८६ गुणांची हार झाली होती. जिंकणारा संघ साखळीत पहिला येणार होता, आणि मेलबर्नला तो मान १९६४ नंतर मिळालेला नव्हता. तिसऱ्या भागात मेलबर्न ४४ गुणांनी मागे पडलं.

चव्वेचाळीस म्हणजे सात गोलांहून जास्त. अशा वेळी काय करायचं? चेंडू जपत बसलात तर घड्याळच तुम्हाला हरवतं. आंधळेपणाने पुढे लोटलात तर समोरचा तो झेलून परत तुमच्यावरच येतो. मेलबर्न एकेक गोल करत जवळ आलं. अखेरच्या काही सेकंदांत चेंडू गोलासमोर उंच आला, आणि कर्णधार मॅक्स गॉनने मार्क घेतला. मग भोंगा वाजला. वेळ संपली होती, पण मार्क घेतलेल्याला त्याची किक मिळतेच.

इथे थांबा. आपण ज्या क्षणापासून सुरुवात केली, त्याच क्षणात परत आलो आहोत. कोणी शिवत नाही. चेंडू हातात आहे.

गॉनविषयी दोन गोष्टी माहीत असू द्या. तो २००९ च्या निवडीत क्लबमध्ये आला, म्हणजे १८६ च्या दिवशी तो याच क्लबचा होता. आणि २०१८ च्या पहिल्या फेरीत, याच जिलाँगविरुद्ध, सामना संपत आला असताना त्याची अशीच एक किक चुकली होती आणि मेलबर्न ३ गुणांनी हरलं होतं. ते सगळं त्याच्या अंगात होतंच. तो मागे आला. मान वर केली, खांब पाहिले, आणि धावत येऊन मारली. गोल झाला. मेलबर्न ८१, जिलाँग ७७.

पाच आठवड्यांनी, २५ सप्टेंबरला, अंतिम सामना झाला. कोविडमुळे तो मेलबर्नऐवजी पर्थला खेळवला गेला. मैदान तेच, जिथे २०१८ मध्ये अर्ध्या सामन्यात मेलबर्नचा एकही गोल झाला नव्हता. समोर वेस्टर्न बुलडॉग्ज. तिसऱ्या भागात मेलबर्न १९ गुणांनी मागे होतं. तिथून पुढे मेलबर्नने १६ गोल केले, बुलडॉग्जने १.

हे कसं झालं, ते शांतपणे पाहण्यासारखं आहे. गोल झाला की चेंडू मैदानाच्या मध्यभागी परत येतो. २०१९ पासूनच्या नियमानुसार त्या वेळी प्रत्येक संघाचे सहाजण पुढे, सहाजण मध्ये आणि सहाजण मागे असावे लागतात. म्हणजे त्या काही सेकंदांपुरतं मैदान मोकळं असतं, कोणाला मागे गर्दी करता येत नाही. तीच खरी चढाईची वेळ. तिसऱ्या भागाच्या अखेरीस मेलबर्नने तीच वेळ साधली, गोलामागून गोल केले आणि बुलडॉग्जना श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. अंतिम फरक ७४ गुणांचा. ५७ वर्षांनी विजेतेपद.

हात, पाय, पाठ, आणि शेवटी मान. हात धरतो. पाय धावतो. पाठ सांभाळते. पण या क्षणी धरायचं की धावायचं, हे मान वर करून पाहिल्यावरच कळतं. ताबा आणि चढाई यांत तोल साधायचा म्हणजे निम्मं हे आणि निम्मं ते असं माप ठरवायचं नसतं. वाट मोकळी आहे का, हे दर वेळी नव्याने पाहायचं असतं. मोकळी असेल तर जायचं. नसेल तर ती मोकळी होईपर्यंत चेंडू जपायचा, आणि जपतानाही पाहत राहायचं. उभारणीच्या काळात संघाला शिकवायचं असतं ते हे पाहणं. पद्धत नंतर बदलता येते. नजर मात्र आधी यावी लागते.

आता एक खरी गोष्ट सांगून थांबतो. २०२१ चा तोल मेलबर्नकडे कायम राहिला नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये संघ पहिल्या चारांत आला आणि दोन्ही वर्षी बाद फेरीचे दोन्ही सामने हरला. २०२४ आणि २०२५ मध्ये तो चौदावा आला. ऑगस्ट २०२५ मध्ये गुडविन यांना पद सोडावं लागलं, आणि स्टीव्हन किंग यांच्याकडे सूत्रं गेली. म्हणजे जुन्या क्लबची नवी उभारणी पुन्हा सुरू झाली, आणि ती पुन्हा हातांपासून.

हळूहळू डोळे उघडा. तळवे मिटा. तुमच्या ओळखीत कोणताही संघ नव्याने उभा राहत असेल, मैदानावरचा, शाळेतला, कचेरीतला किंवा घरातला, तर त्याला दर आठवड्याला किती जिंकलात हे विचारू नका. चेंडू हाती आला तेव्हा मान वर झाली का, एवढंच विचारा. झाली असेल, तर ते हरले तरी त्यांच्याजवळ थांबा.